दाखल रुग्णांना रक्त पातळ करणारी औषधे देताना शेवटच्या डोसची वेळ कोणी पाहायची?

प्रश्न : शुश्रूषा

नमस्कार. मी मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज परिचारिका आहे. गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डात जे घडले ते मांडून जाणकारांचा सल्ला विचारते आहे.

न्यूमोनिया झालेले ७२ वर्षांचे एक आजोबा रात्री उशिरा दाखल झाले. हृदयाची लय अनियमित असल्यामुळे ते घरी ॲपिक्साबॅनची ५ मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ घेत असत. दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांनी ‘घरची औषधे चालू ठेवावीत’ असे लिहिले. सकाळी राउंडला आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी, रुग्ण अंथरुणातून उठत नाही हे पाहून, पायात गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज पोटाच्या त्वचेखाली देण्यास सांगितले. गोळ्या औषधतक्त्याच्या एका पानावर आणि इंजेक्शने दुसऱ्या पानावर होती. दोन्ही आदेश आपापल्या जागी बरोबर होते आणि आमच्या सिस्टरांनी दोन्ही वेळेवर पाळले. तिसऱ्या रात्री लघवीची पिशवी रिकामी करताना एका सिस्टरला तिच्यात लालसर रंग दिसला. तिने दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचली, तेव्हा एकाच रुग्णाला रक्त पातळ करणारी दोन औषधे चालू असल्याचे लक्षात आले. इंजेक्शन बंद झाले, हिमोग्लोबिन फारसे उतरले नाही आणि आजोबा बरे होऊन घरी गेले. तरीही ती रात्र माझ्या मनातून जात नाही, कारण त्या सिस्टरने पाने शेजारी ठेवली नसती तर सकाळचा डोस नक्कीच गेला असता.

माझा प्रश्न असा आहे की, अशी चूक कोणाच्या तरी सावधपणावर अवलंबून न राहता रोजच्या कामातच पकडली जावी यासाठी वॉर्डात नेमके काय पाहावे, कोणी पाहावे आणि केव्हा पाहावे?

प्रतिसाद १ : नाडीपरीक्षा (फिजिशियन)

सिस्टर, आपण हे उघडपणे मांडलेत याबद्दल मनापासून आभार. असे प्रसंग बहुतेक ठिकाणी घडतात आणि केसपेपरातच मिटून जातात.

आधी एका शब्दाबद्दल लिहितो, कारण या गोंधळाचे मूळ काही अंशी त्यात आहे. ‘रक्त पातळ करणारे औषध’ हा शब्द आपण सर्वजण वापरतो, पण या औषधांनी रक्त पातळ होत नाही. गुठळी तयार होण्याची साखळी कुठेतरी तोडली जाते. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटवर काम करतात, तर हिपॅरिन (एनॉक्सापॅरिन हा त्याचाच एक प्रकार), वॉरफेरिन आणि ॲपिक्साबॅन रक्त गोठवणाऱ्या घटकांवर काम करतात. आपल्या रुग्णाला मिळालेली दोन्ही औषधे मुख्यतः ‘टेन-ए’ या एकाच घटकाला रोखणारी होती. एक गोळी आणि दुसरे इंजेक्शन असल्यामुळे ती वेगळी वाटली. प्रत्यक्षात त्या दोन दिवसांत एकाच कामासाठी दोन औषधे दिली जात होती.

माझ्या अनुभवात ही औषधे सर्वांत धोकादायक ठरतात ती बदलाच्या क्षणी. रुग्ण दाखल होताना, आयसीयूतून वॉर्डात येताना, शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर, एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना आणि घरी पाठवताना. मधल्या दिवसांत, जेव्हा सर्व काही ठरल्याप्रमाणे चालते, तेव्हा चुका कमी होतात. म्हणून मी राउंडवर प्रत्येक रुग्णापाशी एकच वाक्य पूर्ण करून घेतो: ‘या रुग्णाला गुठळीविरुद्ध अमुक औषध, अमुक कारणासाठी चालू असून शेवटचा डोस अमुक वाजता दिला आहे.’ हे वाक्य निवासी डॉक्टरांना किंवा सिस्टरांना पूर्ण करता आले नाही, तर पुढचा डोस थांबतो आणि आधी माहिती शोधली जाते. वाक्यात दोन औषधांची नावे आली, तर दोन का, याचे कारण त्याच वेळी सांगावे लागते. कधीकधी कारण खरेच असते: वॉरफेरिन नव्याने सुरू केले असेल, तर हिपॅरिन किमान पाच दिवस आणि आयएनआर (वॉरफेरिनचा परिणाम मोजणाऱ्या रक्तचाचणीचा आकडा) २ च्या वर येऊन २४ तास होईपर्यंत सोबत चालू ठेवावे लागते. वॉरफेरिनने आयएनआर लवकर चढतो, पण रक्त गोठवणाऱ्या प्रोथ्रॉम्बिन या घटकाचे अर्धे आयुष्य (तो निम्मा होण्यास लागणारा काळ) अडीच-तीन दिवसांचे असते आणि प्रोटीन-सी हे गुठळीला आवर घालणारे द्रव्य त्याच्या कितीतरी आधी कमी होते. त्यामुळे आयएनआर कागदावर चांगला दिसत असताना रुग्ण प्रत्यक्षात असुरक्षित असतो. कारण माहीत असले की दोन औषधे एकत्र पाहूनही गोंधळ होत नाही.

उलट बाजूही लिहायलाच हवी. रक्तस्रावाची भीती बसली की वॉर्डात प्रतिबंधक डोस गुपचूप चुकू लागतात: रुग्ण ‘आज नको’ म्हणतो, कोणीतरी ‘तो थोडा चालतो आहे’ असे समजून इंजेक्शन सोडते. दाखल रुग्णाच्या पायातील गुठळी बहुधा आवाज करत नाही आणि ती फुप्फुसात गेल्यावरच कळते. प्रत्येक रुग्णाला हे इंजेक्शन लागते असेही नाही, म्हणून दाखल होतानाच गुठळीचा आणि रक्तस्रावाचा धोका दोन्ही मोजून निर्णय लिहावा. रक्तस्राव चालू असेल, तर पायांना आळीपाळीने दाब देणारे यंत्र लावावे आणि इंजेक्शनचा विचार रोज नव्याने करावा. डोस सोडला, तर कारण आणि वेळ लिहिणे हे डोस देण्याइतकेच बंधनकारक असावे.

आणखी एक गोष्ट. हृदयात कृत्रिम धातूची झडप असलेल्या रुग्णाचा आयएनआर सारखा वरखाली होतो म्हणून कोणी त्याला सोयीच्या नव्या गोळीवर नेऊ पाहत असेल, तर तेथे ठामपणे थांबवा. डॅबिगॅट्रान या अशाच एका नव्या औषधाची अशा रुग्णांमधील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती.

प्रतिसाद २ : मात्रा (क्लिनिकल फार्मसिस्ट)

वरील वाक्यात मी रुग्णाचे वजन आणि मूत्रपिंडाची क्षमता हे दोन शब्द जोडेन, कारण डोस योग्य औषधाचा असूनही रुग्णासाठी चुकीचा ठरतो तो बहुधा येथेच.

एक हिशेब करून दाखवतो. वय ८० वर्षे, वजन ४५ किलो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील आकडा) १.२ असलेल्या आजी डोळ्यांसमोर आणा. प्रयोगशाळेच्या कागदावर १.२ हा आकडा फारसा खटकत नाही. आता वय १४० मधून वजा करून वजनाने गुणा, म्हणजे ६० गुणिले ४५, २७००. त्याला ७२ गुणिले १.२, म्हणजे ८६.४ ने भागा आणि स्त्री असल्यामुळे ०.८५ ने गुणा. उत्तर येते सुमारे २७ मिलिलिटर प्रति मिनिट. ही क्षमता ३० च्या खाली आहे, म्हणजे उपचाराचा एनॉक्सापॅरिनचा डोस १ मिलिग्रॅम प्रति किलो हा दिवसातून दोनदा न देता एकदाच द्यायला हवा. कागदावरच्या आकड्याकडे पाहून दोनदा दिला, तर औषध साचत जाते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सुईच्या जागी मोठे निळे डाग दिसू लागतात. डॅबिगॅट्रान तर सुमारे ८० टक्के मूत्रपिंडातून बाहेर पडते, त्यामुळे दाखल असताना उलट्या-जुलाबांनी किंवा जंतुसंसर्गाने मूत्रपिंड बिघडले, की घरी वर्षभर सुखरूप घेतलेली तीच कॅप्सूल दोन दिवसांत अति होऊ शकते. म्हणून क्रिएटिनिन दाखल होताना एकदा पाहून भागत नाही. वजनही काट्यावर करावे. नातेवाइकांनी सांगितलेले वजन डोससाठी धरू नये.

हिपॅरिनच्या पंपाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ७० किलोच्या रुग्णाला नेहमीच्या पद्धतीने आधी ८० युनिट प्रति किलो, म्हणजे ५६०० युनिट एकदम, आणि मग ताशी १८ युनिट प्रति किलो, म्हणजे १२६० युनिट द्यायचे आहेत असे समजा. २५,००० युनिट ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळले, तर एका मिलिलिटरमध्ये ५० युनिट येतात आणि पंपाचा वेग ताशी २५.२ मिलिलिटर होतो. तेच २५,००० युनिट ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये भरले, तर एका मिलिलिटरमध्ये ५०० युनिट येतात आणि वेग २.५२ होतो. आता हा रुग्ण सलाइनच्या बाटलीवरून सिरिंज पंपावर गेला आणि शिफ्ट बदलताना ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णाची माहिती, देताना कोणी फक्त ‘पंचवीसवर चालू आहे’ असे सांगितले, तर पुढच्या तासात दहापट हिपॅरिन जाईल. म्हणून वॉर्डभर एकच तीव्रता ठरवावी, ती सिरिंजवर ठळक लिहावी आणि ओव्हर नेहमी युनिटमध्ये द्यावा, मिलिलिटरमध्ये नव्हे. पंपाचा वेग बदलताना दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे हिशेब करावा. एकीने केलेल्या हिशेबाला दुसरीने मान हलवणे याला दुहेरी तपासणी म्हणता येत नाही.

व्हायलींबाबत उदाहरण द्यावेसे वाटते. २००६ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे नवजात बालकांच्या विभागात १० युनिट प्रति मिलिलिटरच्या हिपॅरिनऐवजी १०,००० युनिट प्रति मिलिलिटरच्या व्हायली कपाटात ठेवल्या गेल्या. सहा बालकांना हजारपट तीव्रतेचे औषध गेले आणि त्यांतील तीन दगावली. परिचारिकांनी नेहमीच्या कप्प्यातून नेहमीसारखी दिसणारी व्हायल उचलली होती. यावरून मी एवढेच घेतो की जास्त तीव्रतेच्या व्हायली वॉर्डाच्या सामान्य कपाटात ठेवूच नयेत. औषधालयाने तयार केलेली, लेबल लावलेली सिरिंज वॉर्डात पाठवणे जमत असेल, तर त्याहून चांगले काही नाही.

वॉरफेरिन घेणाऱ्यांना दाखल असताना प्रतिजैविके सुरू होतात, तो दिवसही लक्षात ठेवावा. मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनाझोल आणि हृदयासाठीचे अमिओडॅरोन यांनी आयएनआर वाढतो. रिफॅम्पिसिनने तो उतरतो आणि रिफॅम्पिसिन थांबवल्यानंतर काही आठवड्यांत पुन्हा चढतो. असे औषध सुरू झाले, की पुढच्या दोन-तीन दिवसांत आयएनआर पाहण्याची तारीख त्याच आदेशाखाली लिहावी.

शुश्रूषा

दोघांचेही आभार. बाटली आणि सिरिंजचा हिशेब मी आज आमच्या सिस्टरांना फळ्यावर करून दाखवला आणि खोलीत काही क्षण कोणीच बोलले नाही.

आणखी एक अडचण विचारते. हिपॅरिन चालू असलेल्या रुग्णाचा एपीटीटी (हिपॅरिनचा परिणाम मोजणारी रक्तचाचणी) कधीकधी एकदम ‘मोजण्यापलीकडे’ असा येतो, आम्ही पंप थांबवतो आणि पुन्हा पाठवलेला नमुना जवळजवळ सामान्य निघतो. मधल्या दोन-तीन तासांत रुग्णाला औषधच मिळत नाही. असे का होते?

प्रतिसाद ३ : सूक्ष्मदर्शक (प्रयोगशाळेतील डॉक्टर)

सिस्टर, असा आकडा आला की मी आधी दूरध्वनी करून एकच गोष्ट विचारतो: रक्त कोणत्या हातातून घेतले? हिपॅरिन ज्या हातात चालू आहे त्याच हातातून, किंवा हिपॅरिनने धुतलेल्या मध्यवर्ती नळीतून नमुना घेतला, तर रुग्णाच्या रक्ताबरोबर औषधही नमुन्यात येते. नमुना दुसऱ्या हातातून, सुई टोचून घ्यावा. सोडियम सायट्रेटची निळ्या झाकणाची नळी रेषेपर्यंत भरावी, कारण तिच्यात एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त असे प्रमाण असते आणि नळी अर्धी भरली, तर आकडा खोटाच वाढतो. हिपॅरिन सुरू केल्यावर किंवा वेग बदलल्यावर सहा तासांनी नमुना घ्यावा. दोन तासांनी घेतलेल्या नमुन्यावर निर्णय घेऊ नये. नळीवर वेळ लिहायला कृपया विसरू नका. आकडा अनपेक्षित असेल आणि रुग्णाला कोठेही रक्तस्राव नसेल, तर नमुना कसा घेतला हे आधी तपासून लगेच दुसरा पाठवावा. रक्तस्राव दिसत असेल, तर मात्र नमुन्याची वाट न पाहता पंप थांबवावा. हिपॅरिनचे अर्धे आयुष्य साधारण एक ते दीड तासाचे असल्यामुळे नुसते थांबवल्यानेही बराच फरक पडतो, आणि गरज पडली तर प्रोटामिन हा हिपॅरिनवरचा उतारा आहेच. एनॉक्सापॅरिनवर मात्र प्रोटामिन अर्धवटच चालते, हे ध्यानात असावे.

ॲपिक्साबॅन किंवा रिव्हरोक्साबॅन घेणाऱ्या रुग्णाचा आयएनआर सामान्य आला म्हणून त्याच्या रक्तात औषध नाही असे समजून शस्त्रक्रियेला पाठवू नये. ती चाचणी वॉरफेरिनसाठी आहे. या गोळ्यांच्या बाबतीत शेवटच्या डोसची वेळ आणि मूत्रपिंडाची क्षमता या दोन गोष्टी आयएनआरपेक्षा अधिक खरे सांगतात.

प्लेटलेटबद्दल वर कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हिपॅरिन सुरू केल्यानंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान प्लेटलेट निम्म्याहून खाली आल्या, तर हिपॅरिनमुळे होणाऱ्या प्लेटलेटघटीचा विचार झालाच पाहिजे. या विकारात प्लेटलेट कमी होऊनही मुख्य धोका रक्तस्रावाचा नसून नव्या गुठळ्यांचा असतो, आणि येथेच भले भले चुकतात. प्लेटलेट ३,००,००० वरून १,३०,००० वर आल्या, तर अनेकांना हा आकडा ‘ठीकच आहे’ असा वाटतो, पण घट निम्म्याहून जास्त आहे. म्हणून आजचा आकडा एकटा न वाचता हिपॅरिन सुरू करण्यापूर्वीच्या आकड्याशेजारी वाचावा. मागच्या तीन महिन्यांत हिपॅरिन मिळालेले असेल, तर पाच दिवस थांबावे लागत नाही. पहिल्याच दिवशी घट दिसू शकते. बळकट शंका आली की सर्व हिपॅरिन थांबवावे: पंप, एनॉक्सापॅरिन आणि नळी धुण्यासाठी वापरले जाणारे हिपॅरिनचे पाणीसुद्धा. या शेवटच्या गोष्टीकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. नुसते थांबवणे मात्र पुरेसे नाही. त्याच्या जागी अर्गॅट्रोबॅन किंवा फोंडापॅरिनक्ससारखे दुसरे औषध सुरू करावे लागते आणि प्लेटलेट सावरेपर्यंत वॉरफेरिन टाळावे लागते.

प्रतिसाद ४ : भूल (भूलतज्ज्ञ)

मी माझ्या विषयापुरतेच लिहिते. पाठीच्या कण्यात सुई घालताना मला रुग्णाबद्दलची सर्वांत मौल्यवान माहिती म्हणजे शेवटच्या डोसची वेळ, आणि तीच अनेकदा ‘काल रात्री’ अशी मोघम मिळते. एनॉक्सापॅरिनचा प्रतिबंधक डोस दिला असेल, तर किमान १२ तास आणि उपचाराचा डोस असेल, तर २४ तास थांबावे लागते. ‘काल रात्री’ म्हणजे आठ वाजता की साडेअकराला, यावर त्या रुग्णाची भूल, आणि क्वचित त्याचे पायही, अवलंबून असतात.

एपिड्युरल नळी (कण्याजवळ भुलीचे औषध पोचवणारी) घालतानाची काळजी सर्वजण घेतात. ती काढताना तेवढीच जोखीम असते, हे वॉर्डात फारसे माहीत नसते. प्रतिबंधक डोसनंतर १२ तासांनीच नळी काढावी आणि काढल्यानंतर पुढचा डोस निदान चार तासांनी द्यावा. त्यानंतर रुग्णाने पाय जड झाले, मांड्या बधिर झाल्या, पाठीत नवे दुखणे सुरू झाले किंवा लघवी अडली असे सांगितले, तर त्याला ‘औषधाचा परिणाम उतरेल’ असे सांगून सकाळची वाट पाहू नये. कण्यातील रक्ताच्या गाठीवर काही तासांत शस्त्रक्रिया झाली, तरच पाय परत येण्याची आशा असते. मध्यरात्र असली तरी उठवा. मला उठवल्याबद्दल मी आजवर कोणावरही रागावलेली नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी वॉरफेरिन थांबवले की मधल्या दिवसांत हिपॅरिन द्यायलाच हवे, ही समजूतही आता तपासून घ्यावी. अनियमित लयीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रिज’ चाचणीत हिपॅरिन न दिलेल्या गटात गुठळीचे प्रमाण ०.४ टक्के आणि दिलेल्या गटात ०.३ टक्के होते, तर मोठा रक्तस्राव अनुक्रमे १.३ आणि ३.२ टक्के रुग्णांना झाला. धातूची झडप असलेले रुग्ण त्या चाचणीत नव्हते, म्हणून त्यांचा निर्णय स्वतंत्रपणेच घ्यावा.

शुश्रूषा

आमच्या वॉर्डात आम्ही तीन बदल केले आहेत. गुठळीविरुद्धची सर्व औषधे, गोळी असो वा इंजेक्शन, तक्त्यात एकाच वेगळ्या पानावर लिहिली जातात. त्या पानाच्या माथ्यावर वजन, मूत्रपिंडाची क्षमता आणि हिपॅरिनपूर्वीच्या प्लेटलेट लिहितो. शेवटच्या डोसची वेळ घड्याळाच्या आकड्यांतच लिहितो. ‘सकाळी’, ‘रात्री’ हे शब्द त्या रकान्यात चालत नाहीत. पहिल्याच आठवड्यात या पानामुळे पुन्हा एका रुग्णाला दोन औषधे लिहिली गेल्याचे पहिला डोस जाण्याआधी लक्षात आले.

आता शेवटची शंका. फुप्फुसातील गुठळीसाठी एनॉक्सापॅरिनवर असलेला रुग्ण गोळीवर नेऊन घरी पाठवताना पहिली गोळी केव्हा द्यावी? आमच्याकडे काही जण इंजेक्शनबरोबरच देतात, काही जण एक दिवस मध्ये सोडतात.

प्रतिसाद ५ : मात्रा (क्लिनिकल फार्मसिस्ट)

दोन्ही पद्धती थांबवाव्यात. ॲपिक्साबॅन किंवा रिव्हरोक्साबॅनची पहिली गोळी एनॉक्सापॅरिनचा पुढचा डोस ज्या वेळी द्यायचा होता त्या वेळी, त्या डोसऐवजी द्यावी. हिपॅरिनचा पंप चालू असेल, तर पंप बंद करतानाच गोळी द्यावी. वॉरफेरिनवरून येत असल्यास ॲपिक्साबॅनसाठी आयएनआर २ च्या खाली येण्याची वाट पाहावी.

खरी चूक मात्र याच्या पुढे होते. गुठळीच्या उपचारात ॲपिक्साबॅन पहिले सात दिवस १० मिलिग्रॅम दोनदा आणि नंतर ५ मिलिग्रॅम दोनदा असते. रिव्हरोक्साबॅन पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दोनदा आणि नंतर २० मिलिग्रॅम एकदा, तेही जेवणाबरोबर. रुग्ण तिसऱ्या दिवशी घरी जातो आणि डिस्चार्ज कार्डावर फक्त आजचा डोस लिहिलेला असतो. मग कोणी महिनाभर चढा डोसच घेत राहतो, तर कोणी पहिल्या दिवसापासून कमी घेतो. म्हणून कार्डावर ‘सात दिवसांनी कमी करावे’ असे न लिहिता डोस बदलण्याची तारीख लिहावी, उदाहरणार्थ ‘१४ तारखेच्या सकाळपासून ५ मिलिग्रॅम’, आणि रुग्णाकडे घरी आधीची कोणती रक्त पातळ करणारी गोळी शिल्लक आहे हे विचारून तिचे नाव ‘बंद’ या शब्दासह त्याच कार्डावर लिहावे. मी रुग्णाला आणि सोबत आलेल्या नातेवाइकाला ती तारीख मोठ्याने वाचायला सांगतो. बरोबर वाचली गेली, की मगच कार्ड त्यांच्या हाती देतो.